मिटलेली खिडकी

गोठे बांधायची रीत पडली नव्हती तेव्हाची गोष्ट. म्हशीच्या पोटात रेडकू वाढत होतं. त्याच्या हृदयाच्या दोन खणांमध्ये एक खिडकी होती. आईकडून आलेलं रक्त फुप्फुसांकडे न जाता तिच्यातून पलीकडे जाई. फुप्फुसं झोपून असत.

रेडकू जन्मलं. फुप्फुसांनी पहिला श्वास घेतला आणि रक्त मागितलं.

“इतके दिवस झोपा काढल्यात, आणि आता हुकूम सोडता?” खिडकी म्हणाली. “मी मिटणार नाही.”

बाहेर म्हैस चाटत होती आणि रेडकाची जीभ निळी पडत होती.

हृदय म्हणालं, “ताई, तुझ्यामुळेच रेडकू इथवर आलं. आता तू उघडी राहिलीस, तर रक्त हवा न घेताच फिरेल.”

खिडकी मिटली. रेडकू धडपडत उठलं आणि आईला लुचलं.

खिडकीच्या जागी खळगा राहिला. म्हशींच्या हृदयात रक्त अजून तशा खळग्याला शिवून पुढे जातं.