आंबट वायूचं दुसरं बारसं

हवेतल्या वायूंची बारशी चालली होती, त्या काळातली ही गोष्ट. दूरदेशीच्या एका विद्वान वानराला वाटलं, जगातला सगळा आंबटपणा एकाच वायूमुळे येतो. त्याने त्याचं नाव ठेवलं 'आंबटवायू'. देशोदेशीच्या पाखरांनी ते आपापल्या भाषेत इमानेइतबारे उतरवलं. चाखून मात्र कोणीच पाहिलं नाही.

शेवटी करकोचा ते नाव घेऊन तळ्यावर आला. तिथली भाषांतरं कासवआजी करायची, तीही तळाशी बसून, दम धरून, दगडावर कोरून. 'आंबट' कोरता कोरताच तिचा दम संपला. धडपडत वर येऊन तिने नाक बाहेर काढलं आणि पोटभर हवा घेतली.

"हा कसला आंबट? याच्यामुळेच तर जिवात जीव आला! मी 'प्राणवायू' लिहिणार."

"आजी, अख्ख्या जगात आंबटच आहे!" करकोचा चिडला. "तुम्हीच तेवढ्या शहाण्या का?"

"असं? मग बुडव बघू डोकं पाण्यात. मी सांगेपर्यंत काढायचं नाही."

करकोच्याने ऐटीत डोकं बुडवलं. आजी काही सांगेचना. अखेर पंख फडफडवत त्याने मान वर काढली, छातीभर श्वास घेतला आणि धापा टाकत म्हणाला, "प्राणवायू!"

पुढच्या तळ्यावर त्याने हेच नाव नेलं.