पेटीतले बोंबील

“आणि दोरी कुठंय?” तामोरे गुरुजींनी विचारलं.

“दोरी कशाला, गुरुजी? ही उन्हाची पेटी. आत जाळ्या, वर काच. मासळी जाळीवर आडवी ठेवायची. वाळू नाही, माशा नाहीत. दोन दिवसांत कडक.”

नववीतल्या हर्षाली पागधरेला हे तोंडपाठ होतं. जिल्ह्यात पहिली आल्यापासून तिच्याशी बोलायची सोय उरली नव्हती. आज विभागीय विज्ञान प्रदर्शन होतं. इथं निवड झाली की थेट राज्य.

गुरुजी निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. पेटीचं पहिलं चित्र तिनं त्यांच्याच ओट्यावर बसून काढलं होतं.

त्यांनी जाळीवरचा एक बोंबील उचलला. त्याच्यासोबत दुसराही वर आला. दोघांचे जबडे एकमेकांत अडकलेले होते.

आमच्या किनाऱ्यावर बोंबील असेच जोडीनं अडकवून दोरीवर टांगतात.

गुरुजींनी ती जोडी हवेत तशीच धरून ठेवली...

“बाजारातून आणले,” हर्षाली खाली बघत म्हणाली. “माझे ढगात सापडले. नरम राहिले. परीक्षक बोट लावून बघतात, गुरुजी.”

“तुझे कुठं आहेत?”

“टेबलाखाली. डब्यात.”

गुरुजींनी जोडी तिच्या हातात दिली आणि बाजूला सरकले. परीक्षक शेजारच्या टेबलापाशी आले होते.

तिनं जाळी रिकामी केली आणि डबा उघडला. शेजारच्या पवनचक्कीवाल्या पोरांनी नाकाला रुमाल लावले. तिनं आपला एकेक बोंबील नीट मांडला.

परीक्षक बाईंनी बोट दाबून पाहिलं. “हा ओला आहे.”

“हो, मॅडम. ढग आले की आतली दमट हवा कोंडते. तिला बाहेर काढायची वाट अजून सापडली नाही.”

“म्हणजे पेटी चालत नाही?”

“अजून नाही.”

बाईंनी काहीतरी लिहिलं आणि त्या पुढे गेल्या.

संध्याकाळी निकालात तिचं नाव नव्हतं. हर्षालीला रडू आलं, आणि तिनं ते लपवलं नाही.

“बाजारातले ठेवले असते तर निवड झाली असती?”

“झाली असती.”

तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

गुरुजींनी वाकून पेटीची एक बाजू उचलली.

“ती बाजू धर, पोरी. लवकर निघू. उद्याही ढगच आहेत म्हणतात, हवेची वाट शोधायला बरे.”