दोन मुलखांची पायली

दुष्काळाच्या तिसऱ्या महिन्यात संस्थानाच्या अन्नछत्रातील पेज कमी पडू लागली आणि रांगेच्या टोकाशी बसणारी नऊ माणसे भुकेने मेली. ‘रोज दहा पायल्या ज्वारी मी मोजून देतो, ही आचारीणच चोरते,’ असे परमुलखातून आलेल्या दिवाण त्र्यंबकपंतांनी राजेसाहेबांना सांगितले व शिक्षाही सुचवली, ‘तुरुंगात रोज दोन पायल्या दळू द्या हिला.’

आचारीण म्हाळसाबाई रडल्या नाहीत. पंत ज्या पायलीने ज्वारी मोजून देत, ती त्यांनी दरबारात आणलीच होती. ती पुढे ठेवून त्या म्हणाल्या, ‘दळीन. या पायलीने दोन.’

‘मोठी शहाणी!’ पंत उसळले. ‘ही आमच्या मुलखातली लहान पायली. इथल्या सारावसुलीच्या पायलीने दळायचे!’

राजेसाहेबांनी विचारले, ‘बाई, हे माप लहान आहे?’

‘मी कुठे म्हटले, सरकार? पंत म्हणाले.’

वसुलीची पायली मागवण्यात आली. पंतांची पायली तिच्यात दोनदा ओतली, तेव्हा कुठे ती भरली.

पंत तुरुंगात दळू लागले, वसुलीच्याच पायलीने. दुसऱ्या दिवशी म्हाळसाबाईंची पळी पुन्हा रांगेच्या टोकापर्यंत पोहोचली. तेथे नऊ जागा रिकाम्या होत्या.