चांगुणाबायची जागा

लई वर्षं झाली, किती ते सांगायला आता कुणी उरलं नाही. केळशिंबे गावच्या खाडीत चांगुणाबाय होडी चालवायची. नवरा गेला तेव्हा तिनं वल्हं हाती घेतलं, ते कायमचंच. तिला मूलबाळ नव्हतं. पण होडीत बसेल ते पोर तिचंच, असं म्हणतात.

एकदा तानी नावाच्या चिमुरडीनं तिला विचारलं, "आज्ये, एवढी माणसं भरतेस, होडी बुडत कशी नाही?"

चांगुणाबायनं सारख्या मापाचे दोन तांबे आणवले. एकात विहिरीचं पाणी भरलं, दुसऱ्यात मिठागरातलं.

"उचल बघू."

मिठागराचा तांब्या जड लागला. मग तिनं दोन्हींत एकेक अंडं सोडलं. विहिरीच्या पाण्यात ते तळाला गेलं, मिठागराच्या पाण्यात वर तरंगलं.

"तांब्या तेवढाच, पण ह्यात मीठ दाटीनं बसलंय, म्हणून पाणी जड. जड पाणी आपल्याला जास्त उचलून धरतं. गोडं पाणी हलकं. त्यात होडी खोल बसते."

पुढं एका श्रावणात सात दिवस पाऊस कोसळला. पुराचं पाणी घरांत शिरलं. माणसं पलीकडं डोंगराच्या बाजूला न्यायची होती. शेवटच्या खेपेला बायका, तान्ही पोरं आणि तानी बसली. माणसं रोजच्याइतकीच, तरी पाणी होडीच्या काठाला टेकलं. चांगुणाबायनं बोट बुडवून जिभेला लावलं. खाडी गोडी झाली होती.

"एक माणूस जास्त होतंय," ती म्हणाली. मागचा काठ पाण्याखाली गेला होता, पुढच्या खेपेसाठी कुणाला ठेवायला जागा नव्हती.

बायकांनी आपापलं पोर छातीशी धरलं. चांगुणाबायनं वल्हं तानीच्या आईच्या हातात दिलं आणि स्वतः पाण्यात उतरली. होडी बोटभर वर आली.

"आज्ये, वर ये!" तानी रडायला लागली.

"रडू नको गं. मी मागनं ढकलते."

होडी पैलतीराला लागली. सगळ्या उतरल्या, वळून बघतात तो मागं कुणी नाही.

तानी काठावरून हलेना. असं म्हणतात, तेव्हा भरती लागली, समुद्र आपलं सगळं खारं पाणी घेऊन खाडीत धावत आला आणि त्या पाण्यानं म्हातारीला पाळण्यातल्या बाळासारखं उचलून घेतलं. उताणी तरंगत ती तानीच्या पायाशी येऊन लागली. डोळे उघडून म्हणाली, "सगळी उतरली का गं?"

त्यानंतर ती पुष्कळ जगली. कुणी शंभर वर्षं म्हणतं, कुणी त्याहून जास्त.

अजूनही पावसाळ्यात केळशिंब्याच्या होडीत एका माणसाची जागा मोकळी सोडतात. नवख्यानं विचारलं, तर "चांगुणाबायची" म्हणतात. त्यापायी कुणीतरी एक काठावर मागं राहतं. ते कुरकुरत नाही. दगडावर बसून पुढच्या खेपेची वाट बघतं.