झुंबरने दोन्ही बाजू बघितल्या

बोरखेडी गावात एक भोळा माणूस होता. होता कशाला, अजून आहे, आणि अजून भोळाच आहे. त्याचं नाव झुंबर. सांगितलेलं काम तो सांगितलं अगदी तसंच करायचा, म्हणून त्याला काम सांगायला लोक घाबरायचे.

यंदा त्याची बायको इंदू ग्रामपंचायतीला उभी राहिली. निशाणी कपबशी. समोर ढगेवहिनी, निशाणी शिट्टी. ढगेंच्या घरात तीन पिढ्यांची सत्ता, आणि इंदूच्या आळीतल्या नळाला दोन वर्षं पाण्याचा थेंब नाही. इंदू निवडून आली तरच पाणी येणार, हे आळीतलं शेंबडं पोरही सांगत होतं. नवऱ्याने प्रचारात लुडबुड करू नये म्हणून इंदूने त्याला आपल्या भावाचा जुना कॉम्प्युटर लावून दिला. त्यात राजा, राक्षस आणि चेटकिणींचा एक खेळ होता. खोक्यावर तांबड्या गोलात अठराचा आकडा. आत मुंडकी उडत होती, दारूचे गुत्ते होते आणि पोराबाळांनी बघू नये असं आणखीही बरंच होतं.

"घरात लहान मूल आलं, की चालू असेल ते बंद करायचं," इंदूने बजावलं.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर बायकांची सभा भरली. इंदूचं भाषण रंगात आलं होतं. तेवढ्यात एकजण कडेवर तान्हं घेऊन आली. झुंबर उठला. त्याने माईक बंद केला. पंखा बंद केला. चहाखालचा गॅस बंद केला. मग इंदूला म्हणाला, "तूपण बंद हो."

बायका तोंडाला पदर लावून घरी गेल्या. इंदूने त्याला समजावलं, की आलेल्या माणसाचं आधी नीट ऐकून घ्यावं, मग काय ते करावं.

झुंबरला पटलं. तो खेळायला बसला. खेळातल्या राजाने त्याला राक्षसाला मारायला धाडलं होतं. गुहेत गेल्यावर राक्षसच बोलायला लागला, की राजाने माझी वस्ती जाळली, माझी बायकापोरं त्यात गेली. झुंबरने नीट ऐकून घेतलं. त्याला रडू आवरेना. त्याने आपली तलवार राक्षसाला देऊन टाकली. राक्षसाने त्याच तलवारीने खेळातल्या झुंबरचं मुंडकं उडवलं आणि खालच्या गावात शिरून तिथेही कापाकापी केली. बरं, राक्षस खोटं बोलला होता असंही नाही. वस्ती राजानेच जाळली होती. त्या खेळात धड कुणी चांगलं नाही आणि धड कुणी वाईट नाही, आपल्या भावकीसारखंच.

झुंबर दोन दिवस धड जेवला नाही. इंदू आधीच प्रचाराने थकलेली. ती वैतागून म्हणाली, "कुणी कितीही रडलं तरी बधायचं नाही. आपलं काम करायचं आणि निघायचं."

पुढे पत्रकं वाटायला माणूस कमी पडला, तेव्हा तिने नाइलाजाने झुंबरला पाठवलं. आबा खरातांच्या दारात गर्दी होती. आबा सकाळीच गेले होते. अकरा माणसं रडत होती. झुंबर बधला नाही. त्याने अकरा जणांच्या हातात अकरा पत्रकं दिली, बारावं आबांच्या छातीवर ठेवलं, कपबशी विसरू नका म्हणाला आणि निघाला.

इंदूने खरातांच्या घरी जाऊन सगळ्यांचे पाय धरले. निम्म्यांनी माफ केलं. घरी आल्यावर ती ओरडली नाही, तेवढं बळच तिच्यात उरलं नव्हतं.

"अहो, आता एकेका मतावर आपलं पाणी अडलंय," ती म्हणाली. "काही करायच्या आधी असं केलं तर काय होईल, तसं केलं तर काय होईल, दोन्ही बाजू बघत जा. मग ठरवा."

हे मात्र खेळात फार उपयोगी पडलं. तिथे एक चेटकीण होती. तिला मारलं तर तिची लेकरं उघड्यावर पडायची, सोडलं तर गावात रोगाची साथ यायची. त्या खेळात हवं तिथे खूण ठेवता येते आणि वाटेल तेव्हा त्या खुणेपाशी परत जाता येतं. झुंबरने खूण ठेवली, चेटकिणीला मारून बघितलं, मागे आला, सोडून बघितलं, पुन्हा मागे आला आणि शेवटी तिला लेकरांसकट दुसऱ्या मुलखात पोचवून आला. गाव वाचलं, लेकरंही वाचली. इंदूने लग्नानंतर पहिल्यांदा त्याची पाठ थोपटली. माणूस सुधारला म्हणून तिला खरंच आनंद झाला.

मतदानाच्या दिवशी झुंबर अंघोळ करून, नवी टोपी घालून शाळेतल्या केंद्रावर गेला आणि हसत बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. इंदू एका मताने पडली. ती मटकन खाली बसली आणि कुणी दगा दिला म्हणून एकेकाचं नाव आठवू लागली. झुंबरने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"शिट्टी मी दाबली," तो म्हणाला. "तू निवडून आलीस तर काय होईल ते तर ठाऊकच होतं. दुसरी बाजू बघायची राहिली होती. बघितली. चांगली नाही. ऊठ, आता मागे जाऊन कपबशी दाबू."

इंदूला काही उठता येईना. मग तो एकटाच शाळेकडे निघाला. आज तिथे रांगसुद्धा नव्हती.