मांजरांची डोण

मुरादबेटाच्या धक्क्यावर उतरलात की मशिदीच्या आधी मांजरं भेटतात. एखादं जाळ्याच्या ढिगावर पसरलेलं, एखादं मासळी तोलायच्या पारड्यात मुटकुळं करून झोपलेलं, आणि तोलणारा ते उठायची वाट पाहत विडी ओढतोय. पाहुण्याला हसू येतं. मग पायरीशी असलेली काळ्या दगडाची डोण त्याच्या नजरेस पडते. उथळ, हातभर लांब, काठ जिभांनी चाटून गुळगुळीत झालेला. आत पाणी गोडं आणि त्याच दिवसाचं.

सुक्या मासळीचे जुने व्यापारी युनूसचाचा परकार तिथेच बाकड्यावर बसलेले असतात. गिऱ्हाइकाला आधी चहा, मग माल, आणि या दोहोंच्या मधे डोणीची गोष्ट, हा त्यांचा शिरस्ता. ते सांगतात ती अशी.

त्यांच्या आज्याच्या आज्याच्या काळी बेटावर प्यायचं पाणी नव्हतं. विहीर एकच, तीही मचूळ. गोडं पाणी पलीकडच्या किनाऱ्यावरून होडीने यायचं आणि ते आणायचा इसहाक नाखवा. साठी उलटलेला, अबोल माणूस. सकाळी रिकामे हंडे घेऊन जायचा, दुपारी भरून यायचा. पाणी आणणाऱ्याला बोलायला सवड नसते आणि पिणाऱ्याला आठवण नसते, असं युनूसचाचा मधेच म्हणतात.

एका साली मासळीने पाठ फिरवली, म्हणे. जे थोडे बोंबील वाळत पडायचे ते मांजरं ओढून न्यायची. बायका काठ्या घेऊन बसून बसून आंबल्या. शेवटी जमात बसली. मांजर मारणं कुणाच्याच मनात नव्हतं. ते पाप, हे सगळ्यांना ठाऊक. बदरुद्दीन मुकादमाने तोड काढली. "मारायचं नाही, कोंडायचं नाही, एवढंच ना? समुद्रातल्या त्या पालथ्या खडकावर सोडून येऊ. खेकडे आहेत, पाखरांची अंडी आहेत. पुढचं अल्ला बघेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. इसहाकनेही डोलावली. बैठक लांबली होती आणि त्याला घरी जाऊन पाठ टेकायची होती, एवढंच कारण. होडी त्याची, म्हणून कामही त्याच्याच गळ्यात पडलं.

पोत्यांत भरभरून त्याने सगळी मांजरं खडकावर नेली. पोती सोडली तशी ती दगडांत पांगली. एक राखी मांजरी मात्र होडीतून उतरेना. रिकाम्या हंड्याच्या तळाशी थोडी ओल होती, ती चाटत राहिली. तिला उचलून खाली ठेवताना इसहाकच्या ध्यानात आलं, की या खडकावर पाण्याचा थेंब नाही. बेटावर ती घरोघरीच्या उंबऱ्यावर पाणी प्यायची. इथे उंबरा कुठला?

परत वल्हवताना त्याला पेशइमामांनी सांगितलेली पैगंबरांची हदीस आठवली, असं सांगतात. एका बाईने मांजर बांधून ठेवलं, खायला दिलं नाही, सोडलंही नाही, आणि तेवढ्यासाठी ती जहन्नममध्ये गेली. आपण तर बांधलं नाही, असं तो मनाशी म्हणाला. मग त्याने चहूकडे पाहिलं. खारं पाणी. याहून घट्ट दोरी कुठली असणार?

जमातीत मान डोलावलेली, ती फिरवता येईना. दुसऱ्या दिवसापासून गावाचं पाणी उतरवून झालं की तो एक हंडा घेऊन पुन्हा निघू लागला. जायला तास-दीड तास, यायला तेवढाच.

त्याची बायको जुलेखाबी पाठीला तेल चोळताना म्हणायची, "घरात सून तांब्या पुरवून पुरवून वापरते, आणि हंडा मांजरांना."

"माझ्या वाटणीचा आहे."

"पाण्याची वाटणी कळली. ही पाठ कुणाच्या वाटणीची?"

त्यावर तो तसाच पालथा पडून राहायचा.

दीड महिना असा गेला. एका जुम्म्याला नमाजेसाठी सगळ्यांचे हात कानांपर्यंत गेले, इसहाकचा उजवा हात छातीपर्यंतच आला. नमाज संपली, लोक उठू लागले. तो बसूनच राहिला आणि म्हणाला, "मी दमलो."

मुकादम म्हणाला, "मग राहू द्या की, इसहाकमियाँ. तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. उद्या कोण जाणार, तेवढं सांगा."

कुणी जाणार नाही, हे प्रत्येकाच्या ओठांवर होतं. पण ते तिथे बसून बोलायचं म्हणजे मांजरांना आपण मारलं असं तोंडाने कबूल करायचं. अखेर मुकादमच खाकरला आणि म्हणाला, "मी जातो."

दुसऱ्या दिवशी तो गेला. परतला तेव्हा तळहातांना फोड आले होते आणि जेवताना त्याला घास मोडता येईना. मग शेजारच्या घराची पाळी लागली, मग त्यापुढच्या. अकराव्या दिवशी ज्याची पाळी होती तो रिकाम्या हंड्याबरोबर तीन मांजरं घेऊन आला. कुणी विचारलं नाही. पुढच्याने पाच आणली. बैठक झाली नाही, ठराव झाला नाही, कुणी चूक मानली नाही. शेवटची राखी मांजरी मुकादमाने आणली, मनगटावर तिचे ओरखडे घेऊन.

दया आली म्हणून आणली, असंही कुणी म्हटलं नाही. वल्हवून वल्हवून जीव विटला, असंच जो तो म्हणाला. युनूसचाचा इथे चहाचा शेवटचा घोट घेतात. "उभा जन्म बाजारात गेला," ते म्हणतात. "दया खोटी निघालेली पुष्कळ पाहिली. थकवा कधी खोटा निघाला नाही."

त्या सालापासून तो हंडा धक्क्यावरच्या डोणीत ओतू लागले. पाळी मात्र मोडली नाही. इसहाकचा हात पुढे कधी छातीच्या वर गेला नाही. त्याने उरलेली वर्षं तशीच नमाज पढली, म्हणे.

बेटावर आता नळ आला आहे. तरी डोण भरायची पाळी आजही घरोघर फिरते. कधी एखाद्या घरात आजारपण असतं, कधी कुणी म्हातारं एकटं असतं, कधी काहीच झालेलं नसतं. अशा वेळी ते माणूस मशिदीच्या पायरीशी येतं आणि म्हणतं, मी दमलो. का, असं मुरादबेटावर आजही कुणी विचारत नाही. शेजारच्या घरचं माणूस उठतं आणि हंडा उचलतं.