तीन हातांची आमटी

एका तालुक्याच्या गावी एकदा एक वृद्ध डॉक्टर होते. सगळा गाव त्यांना तात्या म्हणे. त्यांच्या हाताखाली उत्कर्षा नावाची एक तरुण डॉक्टर शिकत होती. पोरगी हुशार, पण घाईची. रोग्याचं वाक्य संपण्याआधी हिच्या पेनाचं टोपण निघालेलं असायचं.

त्याच गावात दिगंबरशेट हे पितळी भांड्यांचे व्यापारी. तात्यांचे बालमित्र. महिनाभर त्यांना उठून उभं राहिलं की चक्कर येई. दोनदा पडले, आणि दुसऱ्या वेळी डोकं उंबऱ्यावर आपटता आपटता वाचलं. तात्या तेव्हा लेकीकडे परगावी होते. उत्कर्षाने शेटजींना बसवून रक्तदाब पाहिला, तो जेमतेम ठीक वाटला, आणि तिने चक्करेची गोळी लिहून दिली. चक्कर कमी होईना, उलट वाढली. मग शेटजींनी दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हातात ठेवल्या, अंथरूण धरलं आणि बायकोला सांगून टाकलं, "आपलं आटोपलं आता." ती बिचारी मोरीत जाऊन रडे आणि बाहेर येऊन त्यांनाच दटावे, "काहीतरी बोलू नका!"

तात्या परतले ते तडक उत्कर्षाला घेऊन मित्राच्या घरी. त्यांनी आधी निजल्या जागी रक्तदाब पाहिला आणि मग शेटजींना धरून उभं करून पुन्हा पाहिला. उभं राहताच तो झरकन उतरला. शेटजी डोळे मिटून मटकन खाली बसले.

"घरातल्या सगळ्या गोळ्या आणा बघू," तात्या म्हणाले.

शेटजींच्या बायकोने, काकूंनी, देवघराच्या फळीवरून पांढरी गोळी आणली. थोरल्या सुनेने स्वयंपाकघरातून गुलाबी आणली, धाकटीने आपल्या कपाटातून पिवळी. तिघी एकमेकींच्या हातांकडे पाहतच राहिल्या. तात्यांनी पाकिटं उलटी केली, चष्मा कपाळावर चढवून मागची बारीक अक्षरं वाचली आणि ती खिशात घातली.

"जेवूनच जा हं," काकू म्हणाल्या. त्या घराची रीतच होती तशी.

पुढे तात्यांनी जे केलं ते पाहून उत्कर्षा चक्रावली. ते स्वयंपाकघराशी घुटमळू लागले. थोरली चुलीशी होती. तिला म्हणाले, "आमटीत मीठ घाल गं, बेताचं." तिने घातलं आणि पानं मांडायला गेली. धाकटी आली, तर तिलाही तेच सांगितलं. शेवटी काकू आल्या, तर त्यांनाही! उत्कर्षाला वाटलं, सरांना विसरायला व्हायला लागलं की काय?

पानं वाढली. शेटजींच्या वाटीवर तात्यांनी हात धरला. "तू नको. हिला वाढा आधी." उत्कर्षाने भुरका मारला आणि तिला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं.

"अगंबाई! मी तर बेताचंच घातलं होतं," थोरली म्हणाली.

"मीसुद्धा!" धाकटी म्हणाली. काकूंनी कपाळाला हात लावला.

तेव्हा तात्यांनी तिन्ही पाकिटं पाटासमोर मांडली. "तुमच्यापैकी कोणीच चुकलं नाही. प्रत्येकीने मायेनेच घातलं. पण दुसरीने घातलंय का, हे एकीनेही विचारलं नाही. या गोळ्यांचं तेच झालंय. रंग तीन, कंपन्या तीन, पण आत औषध एकच, रक्तदाब उतरवायचं. पांढरी माझी. बाकीच्या दोन कुठून आल्या रे, दिगू?"

शेटजी ओशाळले. "गुलाबी शहरातल्या मोठ्या डॉक्टरांची. थोरल्याने हट्टाने नेलं होतं. त्यांनी विचारलं, आधीचं काही चालू आहे का. मी नाही म्हटलं. पिवळी व्याह्यांनी दिली, त्यांना गुण आला म्हणून. आणि तुला सांगितलं नाही, कारण... तुला वाईट वाटलं असतं."

"गाढवा!" तात्या म्हणाले. "तुझ्या तेराव्याला जेवताना मला बरं वाटलं असतं का रे?"

काकू हसता हसता रडू लागल्या. शेटजींना मात्र एकदम स्फुरण चढलं. "फेका ती सगळी उकिरड्यावर! एकही गोळी नको मला!"

"आणि आता अळणी जेवणार वाटतं? रक्तदाब आहेच तुला. औषध बंद केलंस तर तो डोक्यावर बसेल. शहरातल्या डॉक्टरांशी मी आत्ता बोलतो. त्यांचं-माझं जे एक ठरेल तेवढंच घ्यायचं. आणि कमी-जास्त करायचं ते विचारून."

फोन झाला. एकच गोळी राहिली आणि ती काकूंच्या हाती आली. चक्करेचीही बंद झाली. पंधरा दिवसांत शेटजी दुकानाच्या पायऱ्या चढले आणि गिऱ्हाइकाशी भांडलेही.

पण त्या दुपारी परतताना उत्कर्षा दवाखान्याच्या दारात थांबली. "सर, चौथ्यांदा मीठ मी घातलं. 'आणखी काय घेता?' एवढं विचारलं असतं, तर ते मरणाची वाट बघत पडले नसते."

तात्या म्हणाले, "तू नवखी होतीस, पोरी. मी त्याला साठ वर्षं ओळखतो. ओळखतो म्हणूनच विचारायचं सोडून दिलं होतं मी."

उत्कर्षा आत गेली, बाकावरच्या पहिल्या म्हातारीशेजारी बसली आणि पेनाला हात न लावता म्हणाली, "आजी, सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय घेता, ते सगळं सांगा. कोणी मायेने दिलेलंसुद्धा."

आपल्या घरच्या थोरांनाही हे आजच विचारावं.